सदतीस पूर्णांक शून्य

डॉ. सुचिता खारकरांची वही चाळणीतून पार व्हायला अकरा सेकंद लागले. वही तेहतीस वर्षांपूर्वीची. अक्षर टपोरं, समास लाल शाईने आखलेला, एकाही पानावर खाडाखोड नाही. पडद्यावर एकेक पान येत गेलं आणि एकेक पान राखाडी होत गेलं. शेवटचंही झालं, तेव्हा डॉ. मृणाल टेकाडेने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मुलगी जेमतेम तिशीची, पण बोलण्यात आडपडदा नाही.

"मॅडम, ही रीडिंगं घेतलेली नाहीत. लिहिलेली आहेत."

सुचिताबाई तिथे एकट्या नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत त्यांची मुलगी इरा बसली होती. वय सत्तावीस, अकोल्याच्या ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. गुडघ्यांखाली तिला आता स्पर्श कळत नव्हता आणि गेल्या पंधरवड्यापासून हाताची बोटंही बधिर होत चालली होती. हाच आजार तिच्या वडिलांना झाला होता, आणि तिचे वडील त्यातून बरे झाले होते, सुचिताबाईंनी स्वतः बनवलेल्या औषधाने. त्यानंतर ते एकोणीस वर्षं जगले, इराला सायकल शिकवली, आणि गेले ते हृदयविकाराने. म्हणजे औषध होतं. ते पुन्हा बनवायचं होतं, एवढंच.

चाळणी ही नागपूरच्या त्या केंद्रातली प्रणाली. तिचं तत्त्व सोपं आहे. तापमापकाला कुठला आकडा दिसायला बरा आणि कुठला वाईट हे काही कळत नाही. म्हणून खरी मोजलेली रीडिंगं ओबडधोबड असतात. शेवटचा आकडा कधी शून्य, कधी सात, कधी तोच तो तीनदा. माणूस मनाने आकडे लिहायला बसला की शहाणपणा सुरू करतो. एकच आकडा लागोपाठ येऊ देत नाही, फार वर जात नाही, फार खाली उतरत नाही. हा शहाणपणा चाळणी ओळखते. शिवाय शाईवरून तिला कळतं की चोवीस तासांची रीडिंगं एकाच बैठकीत, पंख्याखाली बसून उतरवलेली आहेत. जगभरच्या जुन्या वह्या अशा चाळायच्या आणि जे खरं उरेल त्यावरच नव्या औषधांचं गणित मांडायचं, असा आता दंडक झाला होता.

"आपल्याकडे किती राखाडी निघतात?" इराने विचारलं.

"मी चाळलेल्यांत? शंभरात एकसष्ट." मृणालने चहा तिच्याकडे सरकवला, मग बोटांकडे लक्ष जाऊन स्वतःच कप धरला. "तुम्ही सायन्सच्या ना? प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहिलंत?"

इरा हसली. "सीनियरचं उतरवलं. उत्तर माहीतच होतं, त्यावरून रीडिंगं बसवली. आता माझी मुलं तेच करतात आणि मी खाली सही करते."

"मीपण तेच केलं. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वाचं उत्तर नऊ पूर्णांक आठ आलं नाही की मास्तर पुन्हा उभं करायचे, म्हणून अख्ख्या वर्गाचं आपलं नऊ पूर्णांक आठ. गेल्या वर्षी मी बाहेरच्या एका प्रयोगशाळेची दीडशे वर्षांपूर्वीची वही चाळली. चहाचे डाग, शिव्या, 'आजही काही जमलं नाही' अशी सलग तीन पानं. एक पान राखाडी नाही. त्या न जमलेल्या तीन पानांवर पुढच्या माणसाने आपलं काम उभं केलं आणि त्याच्यावर तिसऱ्याने. शोध आपल्याकडेही लागतात हो. पण शोध लागला की आपण आधी वही स्वच्छ करतो. मग पुढच्याने पाय कुठे ठेवायचा?"

सुचिताबाईंना प्रवचन द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. त्या तुटकपणे म्हणाल्या, "कच्चा माल तोच आहे, कृती तीच आहे. तुमच्याकडे एवढी यंत्रं आहेत. रीडिंगं नसली तर अडतं कुठे?"

"साखरेच्या पाकाशी अडतं," मृणाल म्हणाली. "साखर तीच, पाणी तेच. आच कशी दिली आणि कधी उतरवलं त्यावर एकतारी होतो, गोळीबंद होतो नाहीतर करपतो. तुमचं औषध हे एक प्रथिन आहे. लांबलचक साखळी, ती ऊब मिळाली की आपोआप घडी घालते. घडी कशी पडेल ते तापमान कसकसं चढलं-उतरलं त्यावर. तुमच्या सतराव्या बॅचची घडी बरोबर पडली. ज्या चार रोग्यांना ती मिळाली ते चारही वाचले. बाकीच्या सगळ्या बॅचेस वाया. जगात बत्तीस ठिकाणी लोकांनी तुमच्या वहीप्रमाणे सदतीस अंशांवर चोवीस तास ठेवून पाहिलं, काही झालं नाही. याचा अर्थ त्या दिवशी तिथे सदतीस नव्हतं."

"तापमानाच्या अशा वाटा किती संभवतात?" सुचिताबाईंनी विचारलं.

"दोन लाखांच्या वर. एकेक तपासायला पंधरा दिवस. आम्ही एका वेळी चाळीस लावू शकतो." तिने इराकडे पाहिलं नाही. "खरी रीडिंगं मिळाली तर पहिल्याच फेरीत होईल. दर दहा-पंधरा मिनिटांची हवीत, अंदाजे चालणार नाहीत."

इराला डॉक्टरांनी तीन महिने दिले होते. त्यानंतर श्वासाचे स्नायू. हा हिशेब तिघींनाही येत होता, म्हणून कुणी तो बोलून दाखवला नाही.

परतताना गाडी वर्ध्याच्या पुढे आली तेव्हा इराने विचारलं, "आई, त्या दिवशी झालं काय होतं?"

तेहतीस वर्षांत हे सुचिताबाईंना कुणी सरळ विचारलं नव्हतं. विचारायची हिंमत होती कुणाची? विभागप्रमुख बाई, नवरा बाईंच्याच औषधाने उठून बसलेला, वर्तमानपत्रांत फोटो. पण गाडी आपली आपण चालत होती आणि पळून जायला जागा नव्हती. त्यांनी सांगितलं.

मे महिना होता. अकोल्याचा मे, बाहेर सत्तेचाळीस. सतरावी बॅच उबवणीच्या पेटीत ठेवून तीन तास झाले आणि वीज गेली. भारनियमनाची वेळ ठरलेली असायची, पण वीज जायची ती भलत्याच वेळी. सुचिताबाई नवऱ्याजवळ इस्पितळात होत्या. प्रयोगशाळेत फक्त भानुदास सरोदे, परिचर, दहावी पास. आता उबवणीची पेटी म्हणजे फक्त ऊब देणारं यंत्र, थंड करणं तिला येत नाही. खोलीच चव्वेचाळीस अंशांवर, तेव्हा पेटीचा पारा वर चढायला लागला. भानुदासने काय केलं, तर दोन गोणपाटं हौदात भिजवली, पेटीवर टाकली आणि खिडकी उघडली. बाहेर कोरडा वारा. गोणपाट वाळलं की पुन्हा भिजवायचं. पारा उतरत गेला, पार तिसाच्याही खाली. दर दहा मिनिटांनी तो काच पुसून आकडा बघत होता आणि आपल्या वहीत लिहीत होता. सहा तासांनी वीज आली. दुसऱ्या दिवशी त्यानेच हे सगळं सुचिताबाईंना सांगितलं.

"आणि तू सदतीस लिहिलंस," इरा म्हणाली.

"मग काय लिहायचं होतं? आमच्याकडे वीज जाते आणि आम्ही यंत्राला गोणपाट गुंडाळतो, असं जगाला कळवायचं? लोक हसले असते."

पुढचं तर आणखी मजेचं आहे. सतराव्या बॅचने चौघं वाचले म्हणून सरकारने घसघशीत अनुदान दिलं. अनुदानातून सुचिताबाईंनी सगळ्यात आधी काय घेतलं असेल, तर मोठा जनरेटर. त्यानंतर त्यांच्या प्रयोगशाळेत एक मिनिट वीज गेली नाही आणि एक थेंब औषध झालं नाही. अठरावी ते एकसष्टावी, सगळ्या बॅचेस नेमक्या सदतीसवर, सगळ्या फुकट. सुचिताबाईंना शंका आली नसेल का? आली होती. पण ती शंका बोलायची म्हणजे आपली वही खोटी म्हणून सांगायचं. नवरा तर घरी ठणठणीत होता. त्यांनी शंका बाजूला ठेवली.

"आणि ते परिचर?"

"दोन वर्षांनी तपासणी समिती आली. त्याने मोठ्या भक्तिभावाने आपली वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. माझ्या पक्क्या वहीत सदतीस, त्याच्या कच्च्या वहीत भलतंच." सुचिताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "चौकशी लागली."

"कुणावर?"

"त्याच्यावर. बनावट नोंदी ठेवणे, आणि परवानगीवाचून उपकरणाला हात लावणे."

"काढलं त्यांना?"

"हो."

"तू काढलंस."

  बडनेरा गेलं. मग इरा म्हणाली, "म्हणजे औषध त्यांचं होतं. बाबा त्यांच्यामुळे वाचले, मी त्यांच्यामुळे जन्मले, आणि त्यांना तू खोटारडा ठरवून घरी पाठवलंस. उद्या जा त्यांच्याकडे. मी वाचले नाही तरी जा."

आपल्या पोटच्या पोरीने आपल्याकडे असं पाहावं, हे सुचिताबाईंच्या जिवाला फार लागलं. रात्रभर त्यांनी एकच गोष्ट मनात घोळवली. वही असेल. अशी माणसं वह्या फेकत नाहीत.

बोरखेडी अकोल्यापासून पस्तीस किलोमीटर. भानुदासचं घर विचारायला लागलं नाही, गावात पंप दुरुस्त करणारा म्हातारा एकच. सिमेंटच्या दोन खोल्या, पुढे निंबाखाली खाटलं. तो पंपाचं चाक घासत बसला होता. गाडीतून उतरलेल्या बाईला त्याने क्षणभर न्याहाळलं आणि ताडकन उभा राहिला, हातातलं चाक मागे लपवून. एकतीस वर्षांनीसुद्धा.

"मॅडम? तुमी? या ना जी, बसा. शेवंता, पानी आन व."

त्याची बायको शेवंता बाहेर आली, पाण्याचा गडू खाटेवर आदळला आणि दारातच उभी राहिली. तिने नमस्कार केला नाही.

सुचिताबाईंनी वाटेत माफीचे शब्द जुळवले होते. पण समोर माणूस दिसला आणि तोंडून निघालं ते हे, "भानुदास, तुझी ती वही आहे का? सतराव्या बॅचची?"

"वही?" त्याचे डोळे एकदम चमकले. "हाये ना, मॅडम. जपून ठेवली."

 सुचिताबाई खाटेवर बसल्या. आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. इराचे पाय, तिची बोटं, तीन महिने. गोणपाट. "ते औषध तुझ्या गोणपाटाने झालं होतं, भानुदास. मी नव्हतं केलं. तू केलं होतंस. तुझ्या आकड्यांवाचून माझी पोरगी जाईल रे."

भानुदास ऐकता ऐकता मागे सरकला. त्याचा चेहरा बदलला होता. "नाई जी, मॅडम. मी मशीनले हात नाई लावला. गोनपाट-बिनपाट काई टाकलं नाई मी."

"अरे, तुझ्यावरचा आरोपच तो होता."

"हाव, आरोप होता. पन मी तसं काई केलं नाई. मंग मी अर्जात बी तसंच लिहून देल्लं. मशीनले हात लावला नाई, वीज गेली नाई, सारं बरोबर होतं." हे त्याने इतक्या सफाईने म्हटलं, की कितीदा म्हटलं असेल ते कळत होतं. "थांबा, वही आनतो."

तो आत गेला. सुचिताबाई उठून दाराशी गेल्या. शेवंता बाजूला झाली नाही.

"एक साल," ती म्हणाली. "कामाले जाये ना, जेवाले ये ना. रोज लिहीत बसे. लेकरू भुकेनं रडे अन् हा मानूस रेघा आखे. तुमी कबूल केलं होतं ना त्याले."

"मी? काय कबूल केलं?"

भानुदास वही घेऊन आला. प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत, एकात एक, गुंडाळलेली. दोन्ही हातांनी त्याने ती पुढे केली.

वही उघडल्याबरोबर सुचिताबाईंना समास दिसला. लाल शाईने आखलेला. अक्षर टपोरं. वेळ, दर दहा मिनिटांची. समोर तापमान. सदतीस पूर्णांक शून्य. सदतीस पूर्णांक एक. सदतीस पूर्णांक शून्य. छत्तीस पूर्णांक नऊ. सदतीस पूर्णांक शून्य. त्यांनी पान उलटलं. मग पुढचं. मग शेवटचं.

"चौकशीच्या दिवशी तुमी म्हनलं होतं," भानुदास उभाच होता, "आधी वही नीट करून आना, मंग पाहू. मी केली. तुमच्या पक्क्या वहीची नक्कल कॉलेजात शिकनाऱ्या गावच्या मास्तरांच्या पोराकून आनली होती, तिच्यासंगं एकेक आकडा जुळवला. फरक पडला तं पान फाडून नवं लिहिलं. मंग घेऊन आलतो कॉलेजात. तीन दिवस फाटकापाशी बसलो. तुमाले टाइम नव्हता."

"आणि पहिली?" सुचिताबाईंनी वही मिटली. "पहिली वही, भानुदास. कच्ची."

"ते चुलीत घातली, मॅडम. तवाच. खोटी नोंद घरात ठेवली तं पुन्हा कोनी धरलं असतं मले."

निंबाखाली ऊन सरकलं होतं. सुचिताबाईंनी त्याचा हात धरला, ग्रीसने माखलेला, आणि सोडलाच नाही. "आठव. तुझी नजर पक्की होती, मला माहीत आहे. वीज गेली तेव्हा किती होतं? चढून किती झालं? एक्केचाळीस? बेचाळीस? गोणपाट टाकल्यावर दहा मिनिटांनी किती?"

भानुदासने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. पण एक वर्ष त्याने रोज सदतीस लिहिलं होतं आणि पुढची तीस वर्षं सदतीसच खरं असं मनाला बजावलं होतं. त्याच्याखाली आता दुसरं काही उरलेलं नव्हतं. बाईंच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो फार कळवळला. पोरगी मरणार म्हणतात, आणि आपल्याकडून एवढंसुद्धा होऊ नये? त्याने खिशातला पेन काढला, वहीचं मागचं कोरं पान उघडलं, गुडघ्यावर ठेवलं आणि पट्टी नसताना सरळ रेघ ओढली.

"मॅडम, रडू नोका," तो म्हणाला. "तुमाले किती पाहिजेत ते सांगा. मी लिहून देतो."

दारातून शेवंता हसली. तिचं ते हसणं ऐकूनच सुचिताबाई उठल्या. वही तिथेच राहिली. माफी मागायची राहिली, ते त्यांना गाडीत बसल्यावर आठवलं, पण त्यांनी गाडी वळवली नाही.

घरी पोचल्या तेव्हा इरा पुढच्या खोलीत खिडकीशी बसली होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सांभाळणारी बाई ताट झाकून बसली होती. आईचा चेहरा इराने वाचायचा प्रयत्न केला, पण सुचिताबाईंनी चपला काढायला खाली वाकून बराच वेळ घेतला.

"होती वही?"

"होती," सुचिताबाई म्हणाल्या. हे खरंच होतं.

"आणि आकडे? दहा-दहा मिनिटांचे?"

"दहा-दहा मिनिटांचे. सगळे."

इराने डोळे मिटले. गालावर आलेलं पाणी तिला बोटांनी पुसता येईना, म्हणून सुचिताबाईंनी पदराने पुसलं. तिने विचारलं, "मग किती दिवस लागतील?"

पंधरा म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पोरगी सायन्सची होती, गोल आकड्यावर तिचा विश्वास बसला नसता. सुचिताबाईंनी थोडा विचार केला, बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं.

"अठरा," त्या म्हणाल्या. "कागदपत्रांचा एखादा दिवस धर. एकोणीस."

"एकोणीस," इरा म्हणाली, आणि बाईला हाक मारून तिने जेवायला वाढायला सांगितलं.